पवनानगर ते रावेत

साठच्या दशकात टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, कारखाना चिंचवडला आला तेव्हा तिथं उघडं माळरान होतं. टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी यंत्रांइतकंच लक्ष झाडांकडे दिलं, आवारात तळं करवून घेतलं. आधी जमीन पाहायची, मग बांधायचं, ही दृष्टी कुंपणाबाहेर मात्र फारशी गेली नाही.

बाहेर सगळी घाई होती. १९६२ मध्ये एमआयडीसी, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिका. या सगळ्यांची तहान भागवायला एकच पवना नदी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मावळात पवनानगरजवळ साडेआठ टीएमसीचं धरण उभं राहिलं. त्यात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचं पुनर्वसन पुढे दशकानुदशकं रखडलं. नंतर पाण्यावरून झालेल्या भांडणाची पहिली ठिणगी तिथंच पडली, असं मला वाटतं.

शहराला पाणी देण्याची पद्धत साधी होती. धरणातून पाणी नदीत सोडायचं, ते वाहत रावेतच्या बंधाऱ्याला यायचं, तिथून उपसून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात न्यायचं. एमआयडीसीचाही उपसा रावेतलाच. वाटेत शेतकऱ्यांच्या मोटारी चालायच्या, काठच्या विहिरींना पाझर राहायचा, उन्हाळ्यातही नदी वाहती असायची. एकाच पाण्यात तीन-चार कामं उरकणारी ही व्यवस्था इथल्या मातीला शोभणारी होती. पण वाटेतली गावं वाढली आणि त्यांचं मैलापाणी नदीत यायला लागलं. बंधाऱ्यात गाळ, पात्रावर जलपर्णीची हिरवी चादर, पंपांची वीज गेली की नळ कोरडे.

यावर उपाय निघाला तो बंद जलवाहिनीचा. २००८ च्या सुमारास, केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून, धरण ते निगडी सुमारे ३५ किलोमीटर. कागदावर योजना चोख होती: गळती नाही, चोरी नाही, स्वच्छ पाणी. मावळातल्या माणसाचा प्रश्न मात्र साधा होता. शहराचं पाणी पाइपातून गेलं तर चैत्र-वैशाखात पात्रात काय उरणार? त्याला पटेल असं उत्तर कुणी दिलं नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी गेले. योजनेला स्थगिती मिळाली. आणलेले पाइप गंजत पडले. ती स्थगिती उठायला २०२३ उजाडलं.

दरम्यान शहर थांबलं नव्हतं. नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. मग आंद्रा आणि भामा आसखेड धरणांकडे मोर्चा वळला. आंद्राचं पाणी इंद्रायणीत सोडून चाकणजवळ निघोज्याच्या बंधाऱ्यातून उचलायचं आणि चिखलीला शुद्ध करायचं ठरलं. म्हणजे पवनेवर जी पद्धत मोडीत काढायची होती, तीच इंद्रायणीवर नव्यानं बसवली! फरक इतकाच की तोवर इंद्रायणी आळंदीच्या घाटाला फेस आणण्याइतकी नासली होती. वरच्या गावांचं सांडपाणी आधी अडवलं असतं तर नदीच जलवाहिनी झाली असती, आणि तीही पाइपापेक्षा स्वस्तात. पण ती गावं पडली महापालिकेच्या हद्दीबाहेर. शहराचा पैसा हद्दीपाशी थांबतो, मैलापाणी थांबत नाही.

त्याच चिखलीत मे २०२५ मध्ये इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले, त्यांचे मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून झाल्यावर, पाडले गेले. प्लॉट विकले जात होते, घरं चढत होती, तेव्हा पूररेषेचा नकाशा कुणाच्या तरी कपाटात असणारच. त्याच वर्षी महापालिकेनं २०० कोटींचे हरित रोखे काढले, निगडीच्या हरित सेतूसारख्या रस्त्यांच्या कामांसाठी. पादपथ, सायकलमार्ग हवेतच, त्याबद्दल दुमत नाही. पण या पट्ट्याचं खरं दुखणं रस्त्याच्या कडेला नाही, नदीच्या वरच्या अंगाला आहे.

तेव्हा बंद जलवाहिनीचं काम पुढे न्यायचंच असेल तर एक आकडा आधी लेखी जाहीर व्हावा: उन्हाळ्यात धरणातून पात्रात रोज किती पाणी सोडणार. आणि तो महापालिकेच्या फायलीत नव्हे, पवना काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा.