महाविद्यालयाचे पहिले वर्ष : थोडा अनुभव, थोड्या सूचना



बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे गुणवंतांचा सत्कार होतो. पुष्पगुच्छ, वही-पेन, बाबासाहेबांचे चरित्र मिळते, फोटो निघतो. पुढच्या उन्हाळ्यात त्यातलीच दोन-तीन मुले प्रथम वर्षाला विषय राहिल्यामुळे घरी बसलेली दिसतात. ती एका वर्षात मठ्ठ झाली काय? मुळीच नाही. कॉलेज म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. कारण घरात त्यांच्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नसते. मीही त्यांतलाच. अर्थशास्त्र विशेष विषय घेऊन बी. ए. ला चांगले गुण मिळाले म्हणून हा लेख माझ्याकडे आला. परंतु माझी पहिल्या वर्षाची गुणपत्रिका चारचौघांत दाखवण्यासारखी नाही.

बाबासाहेबांचा सत्कारही असाच झाला होता. १९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले, तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. हे आपण दरवर्षी सांगतो. गुण मात्र सांगत नाही. ७५० पैकी २८२! म्हणजे शेकडा ३८ च्या आतच. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारशी घ्यावी लागली होती. पुढे केळुसकर गुरुजींच्या खटपटीने सयाजीराव गायकवाड महाराजांची दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती मिळाली, प्रा. म्युलर यांनी पुस्तके व कपडे दिले, आणि १९१२ साली ते बी. ए. झाले. १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर मात्र ग्रंथालय हेच त्यांचे घर झाले. मॅट्रिकचे गुण आणि कोलंबियाची एम. ए. यांमध्ये आठच वर्षांचे अंतर आहे. म्हणून ज्यांना बारावीला कमी गुण पडले, त्यांनी सत्काराच्या दिवशी घरात लपून बसू नये.

आता माझे सांगतो. मी धरणगावहून पॅसेंजरने जळगावला जात असे. सूरत-भुसावळ मार्गावरील ती गाडी वेळेवर आली तर पहिला तास मिळे, नाही तर दुसरा. वर्गात मी शेवटच्या बाकावर बसे. प्राध्यापक सांगतील ते सर्व वहीत उतरवून घ्यायचे, बाजारातले गाईड पाठ करायचे, हाच माझा अभ्यास. शंका विचारायची तर लाज वाटे. घरची बोली अहिराणी, चारजणांत तोंडातून 'तठे' निघून गेले तर पोरे हसतील! पहिल्या वर्षी अर्थशास्त्रात जेमतेम पास झालो.

त्या सुट्टीत आईने एकदा भाकरी थापता थापता विचारले, "काय शिकाडतस रे तुले तठे?" मी घटत्या उत्पादन फलाच्या सिद्धान्ताची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. ती म्हणाली, त्याचा अर्थ सांग. मला सांगता येईना. संध्याकाळपर्यंत विचार केला तेव्हा सुचले : जमीन तेवढीच ठेवून कापसाला खत वाढवत गेलो, तर पहिल्या गोणीने पीक जितके वाढते तितके चौथ्या गोणीने वाढत नाही. आई हसली. "हे तर आम्हाला ठाऊकच आहे," म्हणाली. त्या दिवसापासून प्रत्येक प्रकरण वाचून झाले की वही मिटायची आणि ते आईला समजेल असे सांगून पाहायचे, हा नेम ठेवला. जिथे अडखळलो तेवढाच भाग पुन्हा वाचायचा. माझ्या गुणांमागे याहून मोठे गुपित नाही. अहिराणीत समजलेली गोष्ट प्रमाण मराठीत लिहिणे अवघड नसते. न समजलेली कोणत्याच भाषेत लिहिता येत नाही.

लिहिण्याचा सराव मात्र हवा. उत्तर लिहावे, प्राध्यापकांना दाखवावे, त्यांनी लाल रेघा मारल्या तर पुन्हा लिहावे. त्यात अपमान कसला? बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लंडनच्या परीक्षकांनी १९२३ च्या मार्चमध्ये फेरलेखनासाठी परत दिला होता. त्यांनी तो दुरुस्त करून पाठवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डी. एस्सी. मिळवली.

शिष्यवृत्तीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे चूक झाली तर शिक्षणच सुटते. माझा पहिल्या वर्षाचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावाचून राहून गेला आणि वडिलांना उसनवारी करावी लागली. आता मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. तरीही मुले अडकतात ती जुन्याच ठिकाणी. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला मे-जूनमध्येच काढून ठेवावा. बँक खाते आधारला जोडलेले आहे की नाही ते स्वतः जाऊन पाहावे. अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, हे दुसऱ्या वर्षी पुष्कळजण विसरतात. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. दाखल्यावर बौद्ध लिहिले तर सवलत जाईल, अशी भीती काही पालक अजून बाळगतात. १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही लागू केल्या आहेत. तेव्हा ती भीती सोडावी.

'ऑनर्स' म्हणजे काय, असे हल्ली मुले विचारतात. २०२४-२५ पासून आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांतही नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष केले तर ऑनर्स. संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. यात पहिले सत्रही धरले जाते! आमच्या वेळी पहिले वर्ष वाया गेले तरी पुढे सावरता येत असे. आता पहिल्या सत्रातली ढिलाई चौथ्या वर्षाच्या दारात आडवी येते.

म्हणून प्रवेश घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयाचे कार्ड काढा, अभ्यासक्रमाची प्रत मिळवा आणि मागील प्रश्नपत्रिका पाहून घ्या. आणि गाडी चुकली तरी दुसऱ्या तासाला जा. मी ज्या दिवशी परत फिरलो, त्या दिवशीचे टिपण मला पुढे कोणाकडेच मिळाले नाही.