तलंग की कोंबडा?

पुण्याच्या आठवडी बाजारात, जत्रेत, कधी शाळेच्या फाटकाबाहेर गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्ले टोपलीत घेऊन कुणीतरी बसलेले असते. पोरांच्या हट्टापायी ती घरी येतात. बरीचशी दोन-चार दिवसांत मरतात आणि जी जगतात, ती बहुतेक सगळी कोंबडे निघतात. “आमच्याच वाट्याला सगळे कोंबडे कसे हो?” हा प्रश्न कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी विचारलेला असतो. त्याचे उत्तर हॅचरीत आहे. अंड्यांसाठी जोपासलेल्या जातीचा नर अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखा अंगानेही भरत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी त्याला बाजूला काढतात. रंगात बुडतो तो बहुधा हाच. जिवंत पिल्लाला खेळणे करण्याचा हा प्रकार बंदच व्हायला हवा.

पुण्याला या धंद्यातले बारकावे नवे नाहीत. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाचा कारभार याच शहरातून चालतो. मोठ्या हॅचरीत पिल्लू हातात घेतात, पंख उलगडून उजेडाकडे धरतात आणि पिसांच्या दोन रांगा बघतात. खालची रांग वरच्या रांगेपेक्षा स्पष्ट लांब असेल तर मादी. दोन्ही सारख्या किंवा वरचीच लांब असेल तर नर. हे जमते, कारण आई उशिरा पिसे फुटणाऱ्या वाणाची आणि बाप लवकर फुटणाऱ्या वाणाचा, असा जोड मुद्दाम लावलेला असतो. कोंबड्यांत पिल्लाचे लिंग आईकडून ठरते. उशिरा पिसे फुटण्याचा तिचा गुण फक्त मुलग्यांकडे जातो, मुलींकडे नाही.

पंखावरून ओळखण्याची ही सोय नव्हती तेव्हा जपानी लोकांनी कमाल केली होती. मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी एक दिवसाच्या पिल्लाची विष्ठेची वाट हलकेच उलटवून आतल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या उंचवट्यावरून नर-मादी सांगण्याची पद्धत बसवली आणि १९२७ मध्ये कॅनडातल्या ओटावा इथल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ती मांडली. पुढे यात तयार झालेली माणसे तासाला हजारभर पिल्ले वेगळी करू लागली. मात्र हे काम शिकलेल्या हातांचेच आहे. घरी कुणी करायला गेले तर पिल्लाचे आतडे दुखावते.

आता आपल्या परसाकडे येऊ. धायरी, वारजे, मांजरीच्या बाजूला ज्यांना थोडी मोकळी जागा आहे, त्यांच्याकडे कळप मिश्र असतो. चार गावठी, दोन-तीन खडकीच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रातून आणलेल्या, आणि हौसेच्या ठेंगण्या बँटम. बँटमला हॅचरीची युक्ती लागू पडत नाही, कारण जोड तसा लावलेलाच नसतो. अंडे लांबट की गोल, यावरूनही काही कळत नाही. थांबावे लागते.

पाच-सहा आठवड्यांनी तुरा बघायचा. भावंडांत एखाद्याचा तुरा रुंद होऊन तांबडा दिसू लागला, पाय जाड झाले, छाती काढून उभे राहायची सवय दिसली, तर तो कोंबडा असण्याची शक्यता मोठी. तलंगेचा, म्हणजे तरण्या कोंबडीचा, तुरा अंड्यावर येईपर्यंत फिकाच राहतो. तीन महिन्यांच्या सुमारास मान आणि शेपटीच्या बुडाशी बोट घालून पिसे वर करून पाहा. नराची लांब, चकचकीत आणि टोकदार. मादीची टोकाला गोल. सिल्की जातीत पिसांचा कापूसच असल्याने हीही खूण फसते. पाच-सहा महिने जातात आणि एका सकाळी ‘तलंग’ आरवते!

सर्वांत नवलाची गोष्ट सेब्राइट बँटमची. या जातीच्या कोंबड्याला पिसे कोंबडीचीच असतात. मानेवर टोकदार पिसे नाहीत की कमानदार शेपटी नाही. थॉमस हंट मॉर्गन या अमेरिकी शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी या कोंबड्यांचे वृषण काढून पाहिले, तर त्यांना अस्सल कोंबड्याची झुबकेदार पिसे फुटली! म्हणून सेब्राइटमध्ये पिसे सोडून तुरा, कल्ले आणि चाल बघायची.

कोंबडे ओळखले की खरी कसोटी सुरू होते. मोठ्या जातीत आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. दोन ठेवले आणि कोंबड्या पाचच असल्या तर त्यांच्या पाठीची पिसे उडतात, कातडी सोलते. मिश्र कळपात धोका वजनाचा असतो. दोन-अडीच किलोचा गावठी कोंबडा अर्धा-पाऊण किलोच्या बँटम कोंबडीवर चढला तर ती जायबंदी होते. उलट बँटम कोंबडा मोठ्या कोंबड्यांत निभावून जातो. माझे मत स्पष्ट आहे : कळपात बँटम माद्या असतील तर कोंबडाही बँटमच ठेवावा.

कोंबड्यांमधली उतरंड नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून १९२०च्या दशकात शास्त्रात आणली. ती पहाटेही ऐकू येते. नागोयातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की कोंबडा सतत मंद उजेडात ठेवला तरी शरीरातल्या घड्याळावर आरवतो. कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपल्याकडे आहेच. झाकलेला कोंबडा आरवायचाही राहत नाही. २०१५ मध्ये त्यांनीच दाखवले की पहिली बांग मुख्य कोंबड्याची, बाकीचे क्रमाने त्याच्या मागे. खुराड्यात कोण मोठा हे बघायचे असेल तर पहाटे कान द्या. कोंबड्याही मुकाट सोसत नाहीत. दुबळ्या नराचे वीर्य त्या बाहेर टाकतात, हे २००० साली पिझ्झारी आणि बर्कहेड यांनी सिद्ध केले.

जास्तीचे कोंबडे एकत्र वाढलेले असतील तर त्यांचा वेगळा कळप करता येतो. फक्त कोंबड्या त्यांच्या नजरेआड हव्यात. दाणापाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा, पळून लपायला आडोसा द्या. झुंजीसाठी मात्र कुणी मागितला तर देऊ नका. प्राण्यांच्या झुंजी लावणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

नर-मादी न निवडलेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर निघणारच. म्हणून बँटमची सहा पिल्ले आणण्याआधी त्यातले तीन कोंबडे कुठे राहणार, ते ठरवा. शेजाऱ्यांना पहाटेची बांग चालेल का, हे त्यांना विचारा. आणि मगच डालगे विकत आणा.