बुडालेलें जहाज आणि शत्रूची साक्ष

एखादें जहाज अमुक समुद्रांत बुडालें, असें आपण सहज म्हणून जातों. परंतु ‘नेमकें कोठें?’ या प्रश्नाचें उत्तर देणें किती कठीण असतें, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. शाळेच्या भिंतीवरील नकाशावर विद्यार्थ्यानें हिंदी महासागरांत बोट टेकलें कीं त्या एका बोटाखालीं शेंकडों मैल पाणी झांकलें जातें. रणभूमीवर पडलेल्या वीराच्या जागीं छत्री उभारतां येते. समुद्रांत पडलेल्याची खूण पाणी दुसऱ्याच क्षणीं पुसून टाकतें. गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत दुसऱ्या महायुद्धांत बुडालेलीं कित्येक लढाऊ जहाजें समुद्राच्या तळाशीं सांपडलीं. १९८९ सालीं जर्मनांचें ‘बिस्मार्क’, २००१ सालीं इंग्रजांचें ‘हूड’, २०१५ सालीं जपान्यांचें प्रचंड ‘मुसाशी’. या शोधांच्या हकीकती वाचतांना यंत्रांचें कौतुक वाटतें, यांत शंका नाहीं. पण आम्हांस अधिक विचार करावयास लावलें तें माणसांच्या साक्षीनें. त्या दृष्टीनें ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ या युद्धनौकेची कथा आमच्या वाचकांनीं सविस्तर ऐकावी अशी आहे.

‘सिडनी’ हें नांव हिंदुस्थानास अगदींच परकें नाहीं. १९१४ च्या सप्टेंबरांत मद्रासवर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवून देणाऱ्या जर्मन ‘एमडन’ला त्याच वर्षीं नोव्हेंबरांत कोकोस बेटांपाशीं गांठून ज्यानें निकामी केलें, तें पहिलें ‘सिडनी’. आमची कथा त्याच नांवाच्या दुसऱ्या जहाजाची.

हें दुसरें ‘सिडनी’ कप्तान जोसेफ बर्नेट यांच्या हुकमतीखालीं, सैन्य नेणाऱ्या एका जहाजास सुंदा सामुद्रधुनीपर्यंत पोहोंचवून फ्रीमँटल बंदराकडे परत निघालें होतें. १९ नोव्हेंबर १९४१ रोजीं दुपारीं चारच्या सुमारास, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून दूर, त्यास एक व्यापारी जहाज दिसलें. तें आपण डच असल्याचें व आपलें नांव ‘स्ट्राट मलाका’ असल्याचें सांगत होतें. वस्तुतः तें होतें ‘कोर्मोरान’. पोटांत तोफा, टॉर्पेडो आणि सुरुंग दडवून समुद्रावर हिंडणारें जर्मनांचें छापेखोर जहाज. ‘सिडनी’ विचारपूस करीत करीत मैलाच्याहि आंत आलें व त्यानें गुप्त खूण मागितली. ती खूण जर्मन कप्तान डेटमेर्स यास ठाऊक नव्हती. त्यानें सोंग टाकलें, जर्मन निशाण चढविलें आणि लागलीच भडिमार सुरू केला. इतक्या जवळून झालेल्या माऱ्यापुढें चिलखताचा काय उपयोग? पहिल्या कांहीं मिनिटांतच ‘सिडनी’चा हुकूम सुटण्याचा मनोरा उद्ध्वस्त झाला व एक टॉर्पेडो नाळेपाशीं, म्हणजे जहाजाच्या पुढल्या टोंकाजवळ, लागला. तरीहि त्याच्या तोफांनीं ‘कोर्मोरान’चें यंत्रघर पेटविलें व त्याचाहि काळ ओढवला. संध्याकाळीं जळत असलेलें ‘सिडनी’ हळूहळू दक्षिणेकडे निघून गेलें. मध्यरात्रीच्या सुमारापर्यंत क्षितिजावर त्याचा उजेड दिसत होता. मग तोहि दिसेनासा झाला.

‘सिडनी’वर ६४५ माणसें होतीं. एकहि परत आला नाहीं. ‘कोर्मोरान’वरील सुमारें चारशें जणांपैकीं मात्र ३१८ जण होड्यांतून व तराफ्यांवरून वांचले व ऑस्ट्रेलियाचे कैदी झाले. म्हणजे त्या संध्याकाळचे जे कोणी साक्षीदार जगांत उरले, ते सारे शत्रूपक्षाचे. वर जी हकीकत आम्हीं दिली तीहि त्यांचीच.

या कैद्यांनीं लढाईचें स्थान सांगितलें तें दक्षिण अक्षांश २६, पूर्व रेखांश १११ च्या आसपासचें. ऑस्ट्रेलियांत पुष्कळांस तें पटलें नाहीं. व्यापारी बनावटीच्या जहाजानें जातिवंत क्रूझरास बुडवावें हें मनास रुचणारें नव्हतें. शिवाय सर्वांनीं इतका वाटोळा आंकडा सांगावा, हेंहि संशयास्पद वाटलें. मग तर्कांस ऊत आला. कोणी म्हणे, जपानी पाणबुडीनें ‘सिडनी’स बुडविलें, कोणी म्हणे, पाण्यांत तरंगणाऱ्या खलाशांस जर्मनांनीं गोळ्या घातल्या व तें लपविण्यासाठीं खोटें स्थान सांगितलें, कोणी जहाजाची जागा किनाऱ्याजवळच्या बेटांपाशीं दाखवी. सहाशें पंचेचाळीस घरांतील आयांस, बायकांस व मुलांस या तर्कांच्या गदारोळांत दिवस कंठावे लागले. आपल्याकडे परदेशीं मृत झालेल्याचें प्रेत न मिळाल्यास पळसाच्या ३६० देठांची आकृति करून तिला अग्नि देण्याचा विधि सांगितला आहे. तो सांगणाऱ्यांनीं, मृताच्या गतीइतकाच मागें राहिलेल्यांच्या मनाचाहि विचार केला असावा, असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे. ‘सिडनी’च्या घरांस तेवढाहि आधार नव्हता.

येथें आमच्या जुन्या विद्येची थोडी आठवण केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. वाचकांनीं क्षमा करावी. न्यायशास्त्रांत शब्द हें एक प्रमाण मानिलें आहे, परंतु तो शब्द आप्ताचा, म्हणजे वस्तु जशी पाहिली तशी सांगणाऱ्याचा असावा लागतो. आतां आप्त कोण? वात्स्यायनांनीं आपल्या भाष्यांत स्पष्टच म्हटलें आहे कीं हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेंच लागू आहे. सांगणारा आपल्या बाजूचा कीं परका, हा प्रश्नच नव्हे. त्यानें पाहिलें आहे काय आणि तो जसेंच्या तसें सांगतो काय, एवढेंच पाहावयाचें. शिष्यांस हें शिकविणें सोपें असतें. पण ज्याचा मुलगा बुडाला त्यानें बुडविणाऱ्याचें बोलणें प्रमाण मानावें, ही अपेक्षा किती अवघड!

पुढें हीच परीक्षा शास्त्रीय रीतीनें करणारे दोघे विद्वान निघाले, तेहि आरमारी नव्हेत. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विद्यापीठांतील किम कर्स्नर व जॉन डन हे मानसशास्त्राचे अभ्यासक. त्यांनीं जर्मन खलाशांचे सारे जबाब शेजारीं शेजारीं मांडले आणि असा प्रश्न विचारला, कीं हे जबाब ठरवून पाठ केलेल्या थापेसारखे दिसतात, कीं खऱ्या परंतु अर्धवट आठवणीसारखे? परीक्षेंत शेजारीं बसलेल्या दोन मुलांचीं उत्तरें काना-मात्रेसह जुळलीं म्हणजे परीक्षकास काय वाटतें, हें आम्ही चांगलें जाणतों. या जबाबांत तसें नव्हतें. ते थोडेथोडे भिन्न होते. कोणी ऐकीव सांगत होता, कोणी स्वतः पाहिलेलें. तरी एकाच जागेभोंवतीं ते घुटमळत होते. त्यावरून या दोघांनीं समुद्रांतील एक ठिकाण अनुमानिलें. प्रत्यक्ष शोध लागल्यावर तें अवघ्या कांहीं मैलांनीं चुकलेलें दिसून आलें.

दुसरा पुरावा खुद्द डेटमेर्सचा. कैदेंत असतांना त्यानें एका जर्मन-इंग्रजी कोशांत अक्षरांखालीं पेन्सिलीचे बारीक ठिपके देऊन लढाईची हकीकत लिहून ठेविली होती. ठिपक्यांचीं अक्षरें ओळीनें जुळविलीं कीं वृत्तांत तयार! पहारेकऱ्यांच्या नजरेपासून लपवून, आपल्याच आरमारासाठीं लिहिलेल्या टिपणांत मनुष्य शत्रूस फसविण्यासाठीं खोटें कशाला लिहील? बुडालेल्या जहाजांचा शोध घेण्यांत ख्याति मिळविलेले डेव्हिड मर्न्स यांनीं या वृत्तांतास मोठें महत्त्व दिलें, तें आमच्या मतें अगदीं रास्त होतें.

२००८ च्या मार्चांत मर्न्स यांची मंडळी शोधास निघालीं. अडीच हजार मीटर खोलीवर सूर्याचा किरण पोहोंचत नाहीं. तेथें डोळ्यांचें काम कानांनीं करावें लागतें. जहाजामागें लांबलचक दोरानें ओढलेलें एक यंत्र तळाच्या जवळून जात दोन्ही बाजूंस ध्वनि सोडतें आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून तळाचें चित्र उमटवितें. चिखलावरून मंद प्रतिध्वनि येतो, पोलादावरून खणखणीत. १२ मार्च रोजीं ‘कोर्मोरान’ सांपडलें आणि चारच दिवसांनीं, तेथून बारा-एक सागरी मैलांवर, ‘सिडनी’. ‘कोर्मोरान’चें स्थान, जर्मनांनीं सांगितलेल्या वाटोळ्या आंकड्यापासून, अक्षांशांत व रेखांशांत पांच-सहा कलांच्याच अंतरावर निघालें! सहासष्ट वर्षें ज्यांस खोटें ठरविलें, ते खरें बोलत होते.

‘सिडनी’चा नाळेकडील भाग तुटून मुख्य सांगाड्यापासून सुमारें अर्धा किलोमीटर दूर पडला होता; टॉर्पेडो जेथें लागला असें जर्मन सांगत, तेथेंच तो तुटला होता. सांगाड्यावर तोफगोळ्यांचीं भोकें ऐंशींहून अधिक. होड्यांचे अवशेष तळावर विखुरलेले. पुढें न्यायाधीश टेरेन्स कोल यांच्या चौकशी-मंडळानें २००९ सालीं जो अहवाल दिला त्यांत जर्मन हकीकत मुख्यतः खरी ठरली आणि जपानी पाणबुडीच्या व पाण्यांतल्या कत्तलीच्या कथांस आधार नसल्याचें दिसून आलें.

प्रत्येक शोध वाद मिटवितोच असें मात्र नाहीं. ‘बिस्मार्क’ २७ मे १९४१ रोजीं बुडालें. त्यावरील बावीसशें-तेवीसशें माणसांपैकीं वांचले ते सुमारें ११५. आम्हींच आपलें जहाज आंतून फोडून बुडविलें, असें ते सांगत. आमच्या टॉर्पेडोंनीं बुडालें, असें इंग्रज म्हणत. रॉबर्ट बॅलार्ड यांनीं सुमारें ४,८०० मीटर खोलीवर तें शोधून काढलें तेव्हां त्याचा सांगाडा बराचसा अखंड दिसला व जर्मनांच्या म्हणण्यास बळ आलें; तरी नंतर गेलेल्या कांहीं तज्ज्ञांनीं निराळें मत दिलें. तिकडे ‘हूड’वर १,४१८ जण होते व वांचले केवळ तीन. त्या तिघांपैकीं हयात असलेले टेड ब्रिग्ज यांस २००१ सालीं, साठ वर्षांनीं, त्या जागीं नेण्यांत आलें व त्यांच्या हस्तें एक स्मृतिफलक खालीं सोडण्यांत आला. त्या वृद्धाच्या मनांत त्या वेळीं काय चाललें असेल!

बॅलार्ड यांनीं ‘बिस्मार्क’ची जागा प्रथम गुप्त ठेविली होती. ती उगीच नव्हे. जेथें पाणी उथळ आहे तेथें जागा कळणें हेंच संकट ठरतें. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ व ‘रिपल्स’ हीं इंग्रजांचीं दोन मोठीं जहाजें १० डिसेंबर १९४१ रोजीं मलायाच्या किनाऱ्यापाशीं जपानी विमानांनीं बुडविलीं. सुमारें ८४० माणसें गेलीं. सत्तर मीटरांच्या आंत असलेल्या त्या सांगाड्यांतून भंगार चोरणाऱ्यांनीं पोलाद व पितळ ओरबाडून नेलें. जावाच्या समुद्रांत १९४२ सालीं बुडालेलीं ‘डे रॉयटर’ व ‘जावा’ हीं डच जहाजें २००२ सालीं सांपडलीं होतीं. २०१६ सालीं पाणबुडे पुन्हां गेले तों तळावर जहाजांच्या आकाराचे नुसते खळगे उरलेले! जहाजेंच्या जहाजें माणसांच्या अस्थींसकट उचलून मोडींत घालणाऱ्यांस काय म्हणावें? ‘सिडनी’ अडीच किलोमीटर खोल आहे, म्हणून तें वांचलें.

त्या ६४५ जणांपैकीं एकाचें प्रेत मात्र वर आलें होतें. १९४२ च्या फेब्रुवारींत ख्रिसमस बेटाजवळ एक तराफा वाहत आला. त्यावर एक मृत खलाशी होता. बेटावरील लोकांनीं त्यास पुरलें. तो ‘सिडनी’चाच कीं आणखी कोणाचा, हाहि पुढें वादाचा विषय झाला. २००६ सालीं ती कबर सांपडली, अस्थि ऑस्ट्रेलियांत आणून जेराल्डटन येथें विधिपूर्वक पुरल्या, आणि २०२१ सालीं रक्ताच्या नातेवाइकांशीं डीएनए ताडून पाहून त्याचें नांव निश्चित झालें. तो ब्रिस्बेनचा एकवीस वर्षांचा तरुण होता. जेराल्डटनच्याच टेंकडीवर ‘सिडनी’चें स्मारक आहे. त्याच्या घुमटांत ६४५ समुद्रपक्षी घडविलेले आहेत व शेजारीं समुद्राकडे टक लावून उभी असलेली एका स्त्रीची मूर्ति आहे. ती मूर्ति बसविली त्या वेळीं जहाज कोठें आहे हें कोणासच ठाऊक नव्हतें.