कायम प्रसाधन

भुवया, पापण्यांच्या कडा, ओठ इ. ठिकाणी सुईने त्वचेत रंगद्रव्य घालून रंगभूषेसारखा परिणाम दीर्घकाळ टिकविण्याच्या क्रियेस ‘कायम प्रसाधन’ म्हणतात. नाव प्रसाधनाचे असले, तरी क्रिया गोंदण्याचीच आहे. काजळ त्वचेच्या पृष्ठावर राहते व धुऊन जाते. येथे मात्र असंख्य सूक्ष्म जखमा करून परके द्रव्य शरीरात ठेवले जाते. बहुतेक धोके या एका फरकातूनच उद्‌भवतात. महाराष्ट्रात स्त्रियांनी कपाळावर व हनुवटीवर गोंदून घेण्याची जुनी चाल आहे; तिच्यातील हिरवट खूण उघडपणे गोंदण म्हणूनच मिरविली जाई. कायम प्रसाधनात रंग नैसर्गिक भासावा अशी अपेक्षा असल्याने थोडाही बिघाड डोळ्यांत भरतो.

बाह्यत्वचेच्या कोशिका सतत झडत असल्याने तेथे रंग टिकत नाही. म्हणून तो अंतस्त्वचेत सोडावा लागतो. तेथील महाभक्षी कोशिका (परके कण गिळणाऱ्या कोशिका) रंगद्रव्य गिळतात, पण ते पचवू शकत नाहीत. अशी कोशिका मरण पावल्यावर मोकळे झालेले कण नवी कोशिका पुन्हा गिळते, असे फ्रेंच संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखवून दिले. रंग अशा रीतीने टिकतो, पण जसाच्या तसा राहत नाही. सूर्यप्रकाशाने तो फिका पडतो, रेषा पसरट होतात, तपकिरी भुवया तांबूस वा निळसर दिसू लागतात. काही कण लसीका ग्रंथींत जाऊन साठतात. म्हणजे शोभा ओसरते व द्रव्य मात्र उरते. ‘कायम’ हे विशेषण या दुसऱ्या अर्थानेच अधिक खरे आहे.

सुया वा रंग निर्जंतुक नसल्यास यकृतशोथाचे (ब आणि क प्रकारच्या काविळीचे) व्हायरस, एचआयव्ही तसेच क्षयजंतूंच्या जातकुळीतील काही जंतू शरीरात शिरू शकतात. रंग सौम्य करण्यासाठी नळाचे पाणी वापरणे हे अशा संसर्गाचे एक टाळता येण्यासारखे कारण आहे. ओठांवरील क्रियेनंतर पूर्वी होऊन गेलेली नागीण (ओठांवरील पुरळ) पुन्हा उद्‌भवू शकते. पापणीच्या कडेला असलेल्या स्नेहग्रंथींना इजा झाल्यास डोळे कोरडे पडतात, तर बधिर करणारे मलम डोळ्यात गेल्यास स्वच्छमंडल भाजते.

अधिहर्षता (ॲलर्जी) हा अधिक चिवट उपद्रव होय. सूज, खाज व कणार्बुदे (शोथजन्य लहान गाठी) काही महिन्यांनी, कधी कधी वर्षांनीही प्रकट होतात. त्यामुळे आधी केलेली चाचणी निर्दोष ठरली, तरी पूर्ण हमी मिळत नाही. अमेरिकेत २००३ व २००४ मध्ये एकाच बनावटीच्या काही रंगछटांविषयी १५० हून अधिक तक्रारी तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या आणि ते रंग बाजारातून मागे घेण्यात आले. यूरोपीय संघाने गोंदण्याच्या व कायम प्रसाधनाच्या रंगांतील सु. ४,००० घातक रसायनांवर जानेवारी २०२२ पासून निर्बंध घातले. चेहऱ्यावर लावण्यास योग्य ठरलेला रंग त्वचेत टोचण्यासही योग्य असतोच असे नाही, हे ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही.

नको झालेला रंग काढणे हे घालण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. लेसर उपचारास अनेक बैठका लागतात. शिवाय कायम प्रसाधनाच्या रंगांत आयर्न ऑक्साइड व टिटॅनियम डाय-ऑक्साइड पुष्कळदा असतात. लेसरच्या स्पंदाने त्यांचे क्षपण होऊन गुलाबी ओठ वा फिकट भुवई क्षणार्धात काळवंडते. हा परिणाम १९९३ मध्ये वैद्यकीय वाङ्‌मयात नोंदला गेला. पापणीवर लेसर वापरताना डोळ्याच्या आत संरक्षक कवच बसवावे लागते. लोहयुक्त रंगांमुळे चुंबकीय अनुस्पंदन तपासणीच्या (एमआरआय) वेळी क्वचित जळजळ वा सूज येते. ती तात्पुरती असते. तिच्या भीतीने आवश्यक तपासणी टाळणे अधिक घातक होय. तपासणी करणाऱ्यास गोंदणाची पूर्वकल्पना मात्र द्यावी.

किलॉइड (वणाच्या जागी वाढणारा कठीण उंचवटा) होण्याची प्रवृत्ती, अनियंत्रित मधुमेह, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांचे सेवन असल्यास ही क्रिया टाळणे वा वैद्याच्या सल्ल्यानेच करणे इष्ट असते. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर स्तनमंडल रेखाटण्यासाठी आणि ओठांवरील कोड झाकण्यासाठी तिचा उपयोग केला जातो. कोडाचे डाग पसरत असताना मात्र ती करीत नाहीत, कारण सुईच्या जखमांच्या जागी नवे डाग उमटू शकतात.