डबिंग समजून घेताना : एका जपानी रामायणाचे उदाहरण

तुमच्यापैकी अनेक जण जपानी अ‍ॅनिमेशनपट इंग्रजी डबमध्ये पाहतात. मग ‘मूळ चांगले की डब?’ असा वाद रंगतो. त्या वादात पडण्याआधी डबिंगमध्ये नेमके काय केले जाते ते पाहू. ‘भाषांतर’ हे उत्तर अपुरे आहे. पुस्तकाच्या भाषांतरकाराला वाक्य लांबवता येते, तळटीप देता येते. डबिंगच्या लेखकासमोर मात्र चित्र आधीच पूर्ण झालेले असते.

१. उदाहरण

‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा जपान आणि भारताने मिळून केलेला अ‍ॅनिमेशनपट आहे. निर्माते युगो साको रामायणाशी जोडलेल्या स्थळांच्या उत्खननावरील माहितीपटाच्या निमित्ताने भारतात आले आणि रामकथेने भारावले. दिग्दर्शनात त्यांच्यासोबत कोइची सासाकी आणि मुंबईचे राम मोहन होते. संगीत वनराज भाटियांचे, तर संस्कृत गीते वसंत देवांची. १९९३ मध्ये तो भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला.

या चित्रपटाच्या पहिल्या आवृत्तीचे संवाद इंग्रजीत होते. हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा आणि रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज मिळाला. पुढे अमेरिकेसाठी वेगळी इंग्रजी आवृत्ती निघाली, तिच्यात रामाचा आवाज ब्रायन क्रॅन्स्टन यांचा आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी चित्रपट भारतातील चित्रपटगृहांत हिंदी, इंग्रजी, तमिळ आणि तेलुगूत आला.

आता सांगा, यातले मूळ कोणते? कथा वाल्मीकींची, चित्रशैली जपानी, पहिले संवाद इंग्रजी, गाणी संस्कृत. म्हणून ‘मूळ’ या शब्दावर अडून न बसता प्रत्येक आवृत्ती पुढील चार कसोट्यांवर तपासावी.

२. वेळ

चित्रपटात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये श्रम वाचवण्यासाठी एकच चित्र बहुधा तीन फ्रेम ठेवतात. म्हणजे दोन सेकंदांच्या संवादाला ४८ फ्रेम, पण चित्रे १६. पात्राचे तोंड दोन सेकंद हलते, तेव्हा नवे वाक्यही दोन सेकंदांतच बसले पाहिजे.

‘अरिगातो गोझाइमास’ हा जपानी आभाराचा शब्दप्रयोग लांब आहे. इंग्रजी ‘थँक यू’ लगेच संपते आणि पात्राचे तोंड रिकामेच हलत राहते. म्हणून इंग्रजी लेखक दोन-चार शब्द वाढवतो. मराठीत ‘मी आपला अत्यंत आभारी आहे’ म्हणायला जवळपास तेवढाच वेळ लागतो, शिवाय जपानी वाक्यातला आदरही टिकतो.

३. ओठ

प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण उच्चारताना ओठ मिटतात. चेहरा जवळून दिसत असेल आणि ‘म’ ऐकू येताना तोंड उघडे असेल, तर प्रेक्षकाला खटकते. जपानमध्ये साधारणपणे चित्र आधी आणि आवाज नंतर अशी रीत आहे. तोंडाची चित्रेही बहुधा तीनच असतात: मिटलेले, अर्धे उघडे, पूर्ण उघडे. या ढोबळपणामुळे दुसरी भाषा बसवणे थोडे सोपे जाते.

४. शब्दक्रम

‘मी तुला सोडून जाणार नाही.’ या वाक्यातला नकार शेवटी येतो. जपानीतही क्रियापद शेवटी आणि नकार त्यालाच जोडलेला. चित्रकाराने पात्राची मान त्या शेवटच्या शब्दावर हलवलेली असते. इंग्रजीत ‘आय वोन्ट’ म्हणताच नकार येऊन जातो आणि मान मागाहून हलते. अर्थ बरोबर असला तरी अभिनय चुकतो. मराठी किंवा हिंदीत ही अडचण बरीच कमी होते.

५. नाते

इंग्रजीत तू, तुम्ही आणि आपण या तिघांनाही ‘यू’. रामकथेत तर कोण कोणाला काय म्हणतो यातच अर्धी कथा असते. आमच्या रायपूरजवळ चंदखुरीला कौसल्येचे मंदिर आहे. छत्तीसगड हे तिचे माहेर मानले जाते. त्यामुळे राम इथल्या लोकांचा भाचा, ‘भांचा’. या नात्याने इथे मामा भाच्याच्या पाया पडतो. इंग्रजी ‘नेफ्यू’ म्हणजे भाचाही आणि पुतण्याही. इंग्रजीतून मराठीत आणताना लेखकाला आधी वंशवृक्ष पाहावा लागेल, नाहीतर बहिणीचा मुलगा भावाचा होऊन बसेल.

६. सारांश

चांगला डब वेळ, ओठ, शब्दक्रम आणि नाते या चारही गोष्टी सांभाळतो. चारही एकदम जमत नाहीत, तेव्हा काय सोडायचे हे लेखक ठरवतो. डबची पारख त्या निवडीवरून करावी.

हे तुमच्या अभ्यासालाही लागू आहे. वर्गात मी पाहतो, आपल्या भाषेतल्या नोट्स म्हणजे इंग्रजी पुस्तकाची दुय्यम नक्कल, असे मुले धरून चालतात. पण ते इंग्रजी पुस्तकही कित्येकदा जर्मन किंवा फ्रेंचमध्ये प्रथम मांडलेली कल्पना सांगत असते. तेव्हा भाषा कोणती हे पाहण्याआधी कल्पना नीट पोहोचली का, ते तपासा.

स्वाध्याय

१. तीन सेकंदांच्या संवादात किती फ्रेम असतील? प्रत्येक चित्र तीन फ्रेम ठेवल्यास चित्रे किती लागतील?
२. ‘आपण बसावे’, ‘तुम्ही बसा’, ‘तू बस’ ही वाक्ये इंग्रजीत करा. प्रत्येक वेळी काय हरवते ते लिहा.
३. एखाद्या अ‍ॅनिमेशनपटाचा एक मिनिटाचा प्रसंग दोन भाषांत पाहा आणि चारही कसोट्या लावा.