ठेका जुळला की मने जुळतात

शाळेतील नृत्य म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्नेहसंमेलनाचा रंगमंच उभा राहतो. चांगली नाचणारी आठ-दहा मुले पुढच्या रांगेत आणि उरलेली मागे किंवा प्रेक्षकांत, अशी त्याची ठरलेली रचना असते. त्यात हौस भागते, कौतुकही होते. परंतु इतरांशी जुळवून घेणे ज्याला कठीण जाते, नेमके तेच मूल बाहेर राहते. पहिली-दुसरीच्या वयात नृत्याचा खरा उपयोग निराळा आहे. एकमेकांकडे पाहत, एकमेकांसाठी थांबत पाऊल टाकणे हा सहकार्याचा पहिला पाठ होय.

हिंगोली जिल्ह्यात या पाठाची निकड अधिक जाणवते. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात मराठी बोलणाऱ्या गावांच्या शेजारी बंजारा तांडे आणि आंध आदिवासींच्या वस्त्या आहेत. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. पहिलीच्या वर्गात ते गप्प बसते ते बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर शब्द हाताशी नाहीत म्हणून. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर हंगामभर बाहेर राहून परतलेल्या मुलाचीही तीच गत होते. तोवर वर्गातल्या जोड्या ठरून गेलेल्या असतात. अशा मुलांना पहिल्या दिवसापासून बरोबरीने सामील होता येईल, असे काम शब्दांवाचून चालणारे हवे. टाळी, पाऊल आणि गिरकी यांना भाषांतर लागत नाही.

या अनुभवाला शास्त्रीय आधारही आहे. जर्मनीतील लाइपझिग येथे सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी चार वर्षांच्या ९६ मुलांवर केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही जोड्यांनी गात, नाचत, वाद्य वाजवत एक खेळ खेळला. इतरांनी तोच खेळ संगीताशिवाय खेळला. नंतर जोडीदाराच्या गोट्या सांडल्या तेव्हा एकत्र नाचलेली मुले मदतीला अधिक धावली. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात एका लयीत झोके घेतलेल्या चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांनी पुढची सामायिक कामे अधिक चटकन जमवली. दोन्ही ठिकाणी मोजला गेला तो खेळानंतर लगेच दिसलेला परिणाम. तो टिकवायचा, तर सराव नित्याचा हवा.

असे का घडते? ठेका जुळवताना मुलाला समोरच्याची पुढची हालचाल आधीच ओळखावी लागते आणि आपला वेग त्याप्रमाणे कमी-अधिक करावा लागतो. दुसऱ्याचा विचार करणे येथे उपदेशातून येत नाही. ती शरीराला लागलेली सवय असते.

त्यासाठी परके नृत्यप्रकार शोधण्याचे कारण नाही. फुगडीत दोघी हात धरून मागे झुकतात. प्रत्येकीचा तोल दुसरीच्या पकडीवर असतो. एकीने जोर केला किंवा हात सोडला, तर दोघी पडतात. गोफात वर बांधलेल्या दोऱ्यांची टोके धरून निम्मी मुले एका दिशेने, निम्मी उलट दिशेने फिरतात आणि समोरच्याच्या एकदा वरून, एकदा खालून जातात. एक जण चुकला की वीण बिघडते आणि ती सोडवायलाही सर्वांनाच उलट पावलांनी फिरावे लागते. लेझीम सर्वांना एका तालात बांधते. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे. कीर्तन-दिंडीतील टाळ-मृदंगाच्या ठेक्यावरची पावली येथील अनेक मुलांनी शाळेत येण्यापूर्वीच पाहिलेली असते. तांड्यावरच्या मुलांना होळीच्या लेंगीचा ठेका ओळखीचा असतो. तो त्यांनी वर्गाला शिकवला, तर आजवर गप्प असलेले मूल काही काळ शिक्षक होते.

यासाठी रोजची पंधरा मिनिटे आणि एक ढोलकी, तीही नसेल तर डबा, पुरेसा आहे. प्रथम रिंगणात टाळ्या व पावले. मग जोडीने आरशाचा खेळ, म्हणजे एकाने हालचाल करायची व दुसऱ्याने तीच उलटून दाखवायची. त्यानंतर चौघांचा गट आणि शेवटी जुन्या साड्यांच्या पट्ट्यांचा गोफ. जोड्या रोज बदलाव्यात. कोणाचा हात धरायचा आणि कोणाचा नाही, हे काही मुले घरून शिकून येतात. रिंगणात शेजारी रोज बदलला की तो भेद विनाभाषण सैल होऊ लागतो. फुगडी मुलींची आणि लेझीम मुलांची, ही वाटणीही येथे मोडावी. चालता न येणाऱ्या मुलाकडे ठेका सोपवला, तर सारे रिंगण त्याच्या हातावर चालते. स्पर्शाला बुजणाऱ्या मुलावर मात्र सक्ती नको. रुमालाचे एक टोक त्याच्या हाती दिले तरी पुरते.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. या पंधरा मिनिटांत क्रमांक, बक्षीस आणि प्रेक्षक नसावेत. ठेका चुकला तर मुलाला बाहेर काढू नये, ठेका संथ करावा. मागे पडलेल्यासाठी सर्वांनी वेग कमी करायचा असतो, ही गोष्ट सहा वर्षांच्या मुलाला व्याख्यानातून कळणे कठीण. ती त्याच्या पावलांना कळू शकते. शहरांतील शाळांनाही, जेथे शेजारच्या बाकावरचा मित्र लवकरच गुणांचा प्रतिस्पर्धी ठरतो, या पाठाची गरज तितकीच आहे.