बँड स्विच मिळेल का, बँड स्विच?

व्हॉल्व्हचा रेडिओ रुसला की सगळे आधी व्हॉल्व्हवर संशय घेतात. पण व्हॉल्व्ह शोधला तर मिळतो, कंडेन्सर-रेझिस्टर नवे घालता येतात. पंचाईत होते ती बँड स्विचची. ठाण्याला मर्फीचा कारखाना होता तेव्हा सुट्या भागांची ददात नव्हती. कारखाना गेला आणि त्या-त्या मॉडेलपुरते केलेले स्विचही गेले.

चासी उलटी केली की हा स्विच दिसतो. एका दांडीवर एकामागे एक ओवलेल्या तपकिरी चकत्या. मिस्त्री त्यांना वेफर म्हणतात. चकती बेकेलाइट मुरवलेल्या कागदाची, तिच्या कडेला चांदीचा मुलामा दिलेल्या पितळी पत्त्या रिव्हेटने ठोकलेल्या. बँड बदलताना अँटेनाची आणि ऑसिलेटरची, अशा दोन्ही कॉइली एकदम बदलाव्या लागतात, म्हणून पत्त्यांची आणि तारांची ही गर्दी.

स्विच 'गेला' असे म्हणतात तेव्हा बरेचदा तो नुसता काळवंडलेला असतो. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि नॉब हलवला की खरखर सुरू होते. कॉन्टॅक्ट क्लीनर ब्रशने लावून नॉब चांगला फिरवावा, निम्मे रोगी तिथेच बरे होतात. पॉलिश पेपर मात्र हातात घेऊ नये. काळेपणाबरोबर मुलामाही जातो. सैल पत्ती चिमट्याने अलगद दाबली की पुन्हा पकड घेते.

पत्तीच तुटली तर काम वाढते. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत रोटरी स्विच मिळतो, पण तो तसाच बसेल याची खात्री नाही. पोल किती, घरे किती, हे तर बघायचेच. शिवाय पुढची पत्ती लागल्यावर मागची सुटते, की आधी सुटून मग लागते, हेही जुन्याशी जुळायला हवे. त्यात दांडीची भानगड. जुन्या विलायती धर्तीच्या सेटची दांडी पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, नवा स्विच बहुधा ६ मिलिमीटरचा. नॉब डुगडुगतो.

माझ्या मते मेलेल्या सेटमधली पत्ती काढून लावणे हाच उत्तम मार्ग. बारीक ड्रिलने रिव्हेटचे डोके उडवायचे, पत्ती सोडवायची, दुसऱ्या चकतीवर बसवून इवल्याशा नटबोल्टने आवळायची. चकती तडकू नये म्हणून खाली लाकडाचा ठोकळा हवा. एका पत्तीत दुपार जाते, पण बाकीच्या तारांना हात लागत नाही.

अख्खा स्विच बदलायचाच असेल तर पहिला डाख सोडवण्याआधी फोटो काढा, कागदावर नकाशा काढा, तारांना खुणेच्या चिठ्ठ्या बांधा. तारांची लांबी आणि जागा जुनीच ठेवा, नाहीतर शॉर्ट वेव्हवरची स्टेशने काट्यावर सरकतात आणि ट्रिमर पुन्हा जुळवत बसावे लागते. आणि सावधान: एसी-डीसी सेटमध्ये चासीलाच मेन्सचा करंट असू शकतो; प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर भरलेले राहतात. हे काम माहीत नसेल तर जाणत्या मिस्त्रीकडे जावे.

घरात माळ्यावर कॅबिनेट कुजलेला जुना रेडिओ असेल तर तो भंगारवाल्याला देण्याआधी दुरुस्ती करणाऱ्याला विचारा. त्यातला बँड स्विच बहुतेक धड असतो, आणि तो कुणाला तरी हवा असतो.